क्रमांक पुढे, फाइल मागे

डेबियन या लिनक्स वितरणाचं पॅकेज बांधायला बसलेला मेंटेनर 'चेंजलॉग' ही साधी मजकुराची फाइल उघडतो आणि जुन्या नोंदींच्या वर नवी नोंद घालतो. पॅकेजचं नाव, कंसात आवृत्ती क्रमांक, खाली तारांकित ओळींत काय बदललं ते, आणि शेवटी स्वतःचं नाव, ईमेल, तारीख. ईमेल आणि तारखेच्या मध्ये बरोबर दोन मोकळ्या जागा हव्यात. एकच सोडली की साधन लगेच इशारा देतं. हा काच उगाच नाही. माणसांसाठी लिहिलेली हीच नोंद यंत्रही वाचतं आणि पॅकेजचा क्रमांक तिथूनच उचलतं.

'५.४.१-१' या क्रमांकात शेवटच्या आडव्या रेघेआधीचा भाग मूळ लेखकांचा, नंतरचा डेबियनचा. १.१० ही आवृत्ती १.९ नंतरची ठरते, कारण दहा हा पूर्ण आकडा नऊशी ताडला जातो.

क्रमांक वाढला म्हणजे फाइल चांगलीच झाली, असं मात्र नाही. मार्च २०२४ मध्ये सॉफ्टवेअर अभियंते आन्द्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या अस्थिर शाखेत एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. ते खणत गेले आणि 'एक्सझेड' या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार सापडलं. त्याचा ऐवज चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. तो बाहेर काढणारी बदललेली स्क्रिप्ट मात्र कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नव्हतीच; ती फक्त प्रकाशित केलेल्या संग्रहात होती. गिटमधले बदल कितीही बारकाईने वाचले असते, तरी ती दिसली नसती. संग्रह आणि गिट यांची फाइलगणिक तुलना करणं म्हणूनच अत्यावश्यक आहे.

आता चोरदार नसलेल्या जुन्या ५.४.५ कडे मागे कसं यायचं? ५.६.१ बसवलेल्या यंत्रावर नेहमीचं अपडेट ५.४.५ घेणार नाही, कारण तो क्रमांक लहान. क्रमांकाआधी '१:' जोडला असता तर काम झालं असतं, पण तो आकडा पुढे कायम वागवावा लागतो. डेबियनने क्रमांक दिला '५.६.१+रिअली५.४.५-१'. दिसायला ओबडधोबड, पण प्रामाणिक: यंत्राला पुढची पायरी दिसते आणि वाचणाऱ्याला आत खरोखर काय आहे ते कळतं.

डेबियन किंवा उबुंटू वापरत असाल, तर पुढच्या अपडेटआधी 'ॲप्ट चेंजलॉग' ही आज्ञा आणि पुढे पॅकेजचं नाव टाइप करा. वरच्या दोन-तीन नोंदी तरी वाचाच.