‘सॉरी’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

आज आपण अगदी रोजचा शब्द घेऊ. बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. फोन चुकून लागला, सॉरी. इंग्रजी न येणाऱ्यालाही येणारा हा शब्द. त्याचा मूळ अर्थ काय?

पुष्कळांना वाटतं की ‘सॉरी’ हा ‘सॉरो’ म्हणजे दुःख, या शब्दापासून आला. तसं नाही. दोघांची मुळं वेगळी. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना, जखम. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे वेदनेनं व्याकूळ. घसा दुखतो तेव्हा डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात ना, तो ‘सोअर’ याच घरातला. म्हणजे ‘सॉरी’ म्हणणारा मुळात एवढंच सांगतो, की मला वाईट वाटतंय. म्हणून तर कुणाचं माणूस गेलं तरी इंग्रज ‘सॉरी’ म्हणतो. त्यात त्याचा अपराध कुठे असतो?

‘अपॉलॉजी’ची गंमत आणखी वेगळी. ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेलं उत्तर, बचावाचं भाषण. इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त तो माफी मागत नाही, आपली बाजू मांडतो.

आता आपले शब्द पाहा. ‘माफी’ अरबीतून आली. फीमाफी, कर्जमाफी म्हणजे देणं सोडून देणं. ‘क्षमा’ संस्कृत, ‘क्षम्’ म्हणजे सहन करणं. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. या दोन्ही शब्दांत समोरचा माणूस आहे. सोडायचं त्यानं, सोसायचं त्यानं. ‘सॉरी’त मात्र मुळात आपण एकटेच.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी हा फरक नेमका हेरला होता. ‘मी माफी मागतो’ हे बोलणं म्हणजेच एक कृती. ‘आय ॲम सॉरी’ मात्र अर्धी कृती, अर्धं मनःस्थितीचं वर्णन.

आम्ही शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतलं एक पान आमच्याकडून तपासायचंच राहिलं. तो दाखवायला आला. आम्ही म्हणालो, ‘सॉरी.’ तो शांतपणे म्हणाला, ‘सर, मग मार्क?’

तेव्हा आम्ही ओशाळलो. आम्हाला वाईट वाटलं होतं, हे खरंच होतं. पण त्याचं देणं तसंच बाकी होतं.

मूळ अर्थ कळला म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो. ‘सॉरी’ जरूर म्हणू या. फक्त त्याच्यापुढे आणखी एक वाक्य जोडू या: ‘चूक माझी, आता भरपाई कशी करू?’