भुंगा : अल्पारंभाचे घर

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘अंगारकर्म’ पहिले आहे. विटा भाजून उपजीविका करणे त्यातच मोडते. घर बांधताना मात्र भाजलेल्या विटेमागची भट्टी सहसा कोणाला आठवत नाही.

कच्छच्या बन्नी भागातील ‘भुंगा’ हे पारंपरिक घर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. मातीची जाड वर्तुळाकार भिंत, तिला शेणमातीचा गिलावा आणि वर गवताने शाकारलेले शंकूच्या आकाराचे छप्पर, अशी त्याची रचना असते. जाड भिंत सावकाश तापते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही आत गारवा राहतो.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील दगडमातीची असंख्य घरे कोसळली. अनेक भुंगे मात्र टिकले. याचे श्रेय केवळ मातीला नाही, तर आकाराला आहे. गोल भिंतीला कमकुवत कोपरे नसतात, धक्का सर्वत्र विभागला जातो आणि छप्पराचा भारही हलका असतो.

तथापि हे घर पूर्णतः अहिंसक म्हणता येणार नाही. माती पृथ्वीकाय आहे. ती खणण्यातही विराधना आहेच. टळतो तो भट्टीतील अग्निकायाचा आरंभ. शिवाय गिलावा वरचेवर करावा लागतो, वाळवीकडे लक्ष ठेवावे लागते. उलट, पडक्या भिंतीची माती भिजवून पुन्हा वापरता येते.

शहरात हे सर्वांना साधणार नाही. परंतु पांजरापोळ, धर्मशाळा किंवा गावाकडचे घर बांधताना अंदाजपत्रकात रुपयांशेजारी आरंभाचाही एक रकाना अवश्य असावा.