आपल्यातला हवा, की आपलं ऐकणारा?

खोपोलीच्या शिळफाट्यावर कुणाला मनाच्या डॉक्टरचा पत्ता विचारला, तर बहुधा दोन नावं पुढे येतात: ठाण्याचं मनोरुग्णालय आणि कर्जतचं वाटवानींचं केंद्र. डॉ. भरत वाटवानींना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून बरं करून त्यांच्या घरी पोहोचवण्यासाठी. कर्जतच्या केंद्राचं मुख्य काम तेच. नवरा गेल्यापासून झोप उडालेल्या बाईसाठी किंवा कारखान्यात पाळीवर जाताना छातीत धडधडणाऱ्या मुलासाठी ते केंद्र उभं राहिलेलं नाही. ठाण्याच्या 1901 सालच्या रुग्णालयाबद्दलचा समज तर उलटाच आहे. तिथे गेलं की दाखल करून घेतात, असं लोकांना वाटतं. बाह्यरुग्ण विभागात तपासून, औषध घेऊन संध्याकाळच्या लोकलने खोपोलीला परतता येतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलं म्हणजे तो डॉक्टर, हा दुसरा गैरसमज. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो आणि औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो, मानसिक चाचण्या घेतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते आणि तो नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं कारण नाही. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असू शकते, तसंच शनिवार-रविवारचं शिबिरही. म्हणून शिक्षण कुठे झालं आणि अडलेल्या केसबद्दल तुम्ही कुणाचा सल्ला घेता, हे दोन प्रश्न सरळ विचारावेत. चांगल्या माणसाला ते खटकत नाहीत.

आता ज्यावर सगळं अडतं तो समज: ‘आपल्यातलाच हवा, त्यालाच आपलं कळेल.’ भाषेपुरतं ते मला पटतं. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ हे दुसऱ्या भाषेत सांगताना निम्मं गळून जातं. पण ‘आपल्यातला’ म्हणजे आपल्या जातीचा, आपल्या गावचा असेल, तर बाई सासूबद्दल बोलायला तोंड उघडेल का? समोरच्याची मावशी तिच्याच आळीत राहत असते. शिवाय आपल्यातल्याला सगळं आधीच ठाऊक असतं, म्हणून तो विचारतच नाही. मला विचारणारा परका जास्त कामाचा वाटतो.

खालापूर तालुक्यातलीच इर्शाळवाडी घ्या. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली आणि ठाकर समाजाची ही वाडी गाडली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला. ज्यांच्या घरचं माणूस मिळालंच नाही, त्यांना ‘वास्तव स्वीकारा’ असं पुस्तकी वाक्य ऐकवणारा कितीही शिकलेला असो, उपयोगाचा नाही. देहाशिवाय दिवस कसे करायचे, केले तर माणूस गेला असं आपणच ठरवलं असं होईल का, आपल्याकडे याची काय रीत आहे, हे आधी त्यांनाच विचारायला हवं. शोकाचा आजार होतो का? होतो, पण सगळ्यांना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचं निदान करायला किमान सहा महिने जावे लागतात, आणि तो शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा ठळकपणे जास्त असावा लागतो. म्हणजे रीत माहीत करून घेतल्याशिवाय निदानच होत नाही.

‘भगताकडे गेलो हे कळलं तर डॉक्टर हाकलून देईल’ या भीतीपोटी लोक ते लपवतात. हाकलणारे आहेतही, अशांकडे पुन्हा जाऊ नये. जाणता माणूस विचारतो, भगताने काय सांगितलं, त्याने बरं वाटलं का? अंगात येणं, देवाचं राहिलेलं देणं याची तो टिंगल करत नाही. मात्र भगताच्या नादाने चालू औषध बंद केलं असेल, तर ते चुकलं, हेही तो स्पष्ट सांगतो. धडधड, थरथर, वजन उतरणं अशी तक्रार असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आधी तपासायला लावतो.

‘गोळ्यांची सवय लागते’ हे अर्धं खरं. झोपेच्या आणि तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांची लागते. चिंतेसाठी महिनोन्‌महिने देतात त्या नैराश्यविरोधी गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या एकदम सोडायच्या नसतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे खूप.

बोललेलं बाहेर जाईल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. ते पहिल्याच भेटीत समजून घ्यावेत. प्रवास जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. अडचण वेगळीच असते: एका खोलीच्या घरात बोलायचं कुठे? गच्ची, बंद गाडी, ओळखीच्यांचं रिकामं घर, काहीही चालतं. कानात हेडफोन घातला की निदान पलीकडचं तरी कुणाला ऐकू जात नाही.

नवरा-बायकोच्या भांडणात समुपदेशक निवाडा देतो, हाही समज आहे. ते त्याचं काम नाही. ‘बाईनेच जुळवून घ्यायचं असतं’ असं पहिल्या तासाला सांगणाऱ्याला संस्कृतीची जाण आहे असं मी तरी म्हणणार नाही. आणि मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवून बोलणं सुरू करू नये: तिथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिने एकटीने बोलावं. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते.