लोबेरा गेल्यावर

मुंबई सिटी एफसीचे मुख्य प्रशिक्षकपद ऑक्टोबर २०२१मध्ये रिकामे झाले, तेव्हा इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम जेमतेम दीड महिन्यावर आला होता. जाणारे प्रशिक्षक होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. त्यांनी आदल्या हंगामात साखळीतल्या अव्वल स्थानाची लीग शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक, असे दोन्ही मान अंधेरीच्या या क्लबला मिळवून दिले होते. एकाच हंगामात दोन्ही जिंकणारा लीगमधला हा पहिला संघ. अशा माणसाच्या जागी कोणाला आणायचे, हा प्रश्न कोणत्याही क्लबला अवघडच जातो. मुंबई सिटीने तो दोन वर्षांच्या अंतराने दोनदा सोडवला आणि एकदा शील्ड, एकदा करंडक पदरात पाडून घेतला. भारतीय फुटबॉलमध्ये असे क्वचितच घडते.

लोबेरा यांच्या यशाचे गमक त्यांच्या खेळाडूंमध्ये शोधावे लागते. २०१७ ते २०२० ते एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. तिथून मुंबईला येताना बचावपटू मुर्तदा फॉल, मधल्या फळीतला अहमद जाहू, ह्युगो बुमू आणि डावीकडून खेळणारा गोव्याचा मंदार राव देसाई हे त्यांचे हुकमी एक्केही मुंबईकडे आले. आपल्याच गोलक्षेत्रातून छोट्या पासने चेंडू बाहेर काढायचा, तो शक्यतो पायाखालून जाऊ द्यायचा नाही आणि प्रतिस्पर्ध्याची फळी विस्कटली की एका लांब पासने ती फाडायची, अशी ही पद्धत. तिची किल्ली जाहूच्या पायात होती. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्याच्या मैदानावर एटीके मोहन बागानविरुद्धचा अंतिम सामना रंगला. मुंबई एका गोलने मागे होती. जाहूने मागून बिपीन सिंगच्या दिशेने उंच चेंडू टाकला, तो अडवायला बागानचा तिरी धावला आणि त्याच्या डोक्याला लागून चेंडू गोलरक्षकावरून त्याच्याच जाळ्यात गेला. नव्वदाव्या मिनिटाला बागानच्या बचावात गोंधळ उडाला, मुंबईच्या ओग्बेचेने चेंडू पटकावून बिपीनकडे दिला आणि मुंबई २-१ने जिंकली. पहिल्या गोलात नशिबाचा वाटा होताच, पण तो चेंडू तिथवर पोचवणारा पाय हेरून आणलेला होता.

प्रशिक्षकासोबत संघ यावा आणि त्याच्यासोबतच तो जावा, ही या पद्धतीची दुसरी बाजू. लोबेरा यांनी क्लब सोडण्याआधीच बुमू आणि कर्णधार-गोलरक्षक अमरिंदर सिंग दोघेही बागानकडे गेले होते. ओग्बेचेने हैदराबादची वाट धरली. नव्या प्रशिक्षकाच्या हाती खुर्ची आली ती अर्ध्या रिकाम्या कपाटासह.

मुंबई सिटीसाठी प्रशिक्षक बदलणे ही मुळात नवलाईची गोष्ट नव्हती. २०१४मध्ये स्थापना झाल्यापासून इंग्लंडचे पीटर रीड, खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत फ्रान्सचे निकोला अनेल्का, कोस्टा रिकाचे अलेक्झांड्रे गिमारायश आणि पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा अशी रांग लागली होती. पहिले दोन हंगाम घरचे सामने नव्या मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. २०१६पासून संघ अंधेरी पश्चिमेला, महापालिकेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातल्या मुंबई फुटबॉल अरिनावर आला. घाटकोपरहून मेट्रोने आझादनगरला उतरले की चालत पोचता येते, त्यामुळे पूर्व उपनगरांतल्या प्रेक्षकांचीही सोय झाली. घर बदलले तरी प्रशिक्षकांचा खाक्या तोच राहिला. प्रत्येक जण आपल्या देशाची, आपल्या ओळखीच्या खेळाडूंची यादी घेऊन यायचा आणि तो गेला की यादी फाडून नव्याने लिहायची.

हे चित्र बदलले ते नोव्हेंबर २०१९मध्ये. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. या समूहाचा हा आठवा क्लब. न्यूयॉर्क, मेलबर्न, योकोहामा, जिरोना अशा ठिकाणी त्यांचे क्लब आधीच होते आणि चेंडू ताब्यात ठेवून खेळायची पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखी. प्रशिक्षक, खेळाडू निवडणारे, तंदुरुस्तीचे तज्ज्ञ एका क्लबातून दुसऱ्या क्लबात पाठवता येतात, हा या व्यवस्थेचा मोठा फायदा. लोबेरा स्वतः पूर्वी बार्सिलोनाच्या कुशीत वाढलेले, म्हणजे याच विचारांचे. ते मुंबईहून गेले तेही चीनमधल्या सिचुआन जिउनिउ या समूहाच्याच क्लबात.

त्यांच्या जागी आलेले डेस बकिंगहॅम मूळचे ऑक्सफर्डचे, वय अवघे छत्तीस. मोठा खेळाडू म्हणून नाव नाही, मुख्य प्रशिक्षक म्हणून मोठा करंडक नाही. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन फिनिक्सला त्यांनी काही काळ सांभाळले होते, त्या देशाच्या वीस वर्षांखालच्या संघाला विश्वचषकात नेले होते आणि मेलबर्न सिटीत सहायक असताना तो संघ ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ही निवड कोड्यात टाकणारी होती. समूहाच्या दृष्टीने मात्र कामाचे स्वरूप आधी ठरलेले होते आणि ते काम दुसऱ्या शाखेत करून दाखवलेला माणूस समोर होता. नावाचे वजन पाहून निवड झाली असती, तर हे नाव यादीत आलेही नसते.

पहिल्या हंगामाने मात्र सर्वांची परीक्षा पाहिली. सुरुवात धडाक्यात झाली. १ डिसेंबर २०२१ला मुंबईने त्याच मोहन बागानला ५-१ने झोडपले. मग गाडी रुळावरून घसरली, विजयाविना सामन्यांमागून सामने गेले आणि गतविजेता संघ पाचव्या क्रमांकावर राहून बाद फेरीला मुकला. अनेक क्लबांत इथेच नारळ दिला जातो. बकिंगहॅम यांना दिला गेला नाही. एप्रिल २०२२मध्ये ते संघ घेऊन एएफसी चॅम्पियन्स लीगसाठी रियाधला गेले आणि ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबवर २-१ अशी मात केली. आशियातल्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर आणि राहुल भेकेने हेडरने गोल केले. मुंबई गटात दुसरी आली.

पुढच्या हंगामात नवी भरती या प्रशिक्षकाच्या मापाने झाली. ग्रेग स्टुअर्ट, पेरेरा दियाझ, अल्बर्टो नोगेरा आले. आदल्या जानेवारीत चेन्नईहून आणलेला मिझोरामचा लालियानझुआला छांगटे फुलला. फॉल आणि जाहू मात्र तिथेच होते. लोबेरांचा कणा आणि बकिंगहॅम यांचे हातपाय असा हा संघ सलग १८ सामने हरला नाही. ११ फेब्रुवारी २०२३ला गोव्यातच गोव्याला ५-३ने हरवून त्याने शील्ड घेतली. उपांत्य फेरीत बंगळूरुने त्यांना पेनल्टींवर गाठले, तेवढी हळहळ राहिली.

याच काळात बाकीच्या क्लबांनी वेगळे रस्ते धरले होते. मुंबईकडून ५-१ने हरल्यावर त्याच डिसेंबरात बागानने अंतोनिओ हबास यांना दूर केले आणि हंगाम चालू असतानाच एफसी गोवाचे हुआन फेरांडो यांना उचलले. बागानचे भले झाले, २०२२-२३चा करंडक फेरांडो यांनीच आणून दिला. गोव्याची घडी मात्र विस्कटली आणि तो संघ नवव्या क्रमांकावर घसरला. याच गोव्याने दोन वर्षांपूर्वी, २०२०च्या सुरुवातीला, संघ अव्वल असताना लोबेरा यांनाच काढले होते. तेव्हा उरलेले सामने घरच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी निभावले आणि शील्ड जिंकली. चालत्या गाड्याला जू धरायला घरचा माणूस पुरतो. नवा गाडा बांधायची वेळ आली की गोष्ट वेगळी.

मुंबईतच याहून जुना आणि जास्त बोलका दाखला आहे. कुपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफसीचे प्रशिक्षक २००९पासून खालिद जमील होते. तुटपुंज्या साधनांत दर हंगामी संघाला आय-लीगमध्ये टिकवून ठेवणे एवढेच त्यांचे यश. करंडक नाही, पण पडझडही नाही. २०१६मध्ये ते बाहेर पडले आणि मिझोरामच्या ऐझॉल एफसीत गेले. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहताही ऐझॉलच्या संघात दाखल झाले. एप्रिल २०१७मध्ये ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर फेकला गेला. हंगामाच्या मध्यावर पुन्हा प्रशिक्षक बदलूनही उपयोग झाला नाही. सात वर्षे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात आणि ओळखीत साठले होते. क्लबकडे त्याची नक्कल नव्हती. खालिद पुढे ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीचे आज नावच उरले आहे.

मँचेस्टर युनायटेडचीही कहाणी मुळात याहून फार वेगळी नाही, फक्त आकडे मोठे. अॅलेक्स फर्ग्युसन २६ वर्षांहून अधिक काळानंतर २०१३मध्ये निवृत्त झाले, आपला वारस डेव्हिड मोयेस यांच्या रूपात त्यांनी स्वतःच सुचवला आणि मोयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला. दहा महिन्यांत तो संपला. त्या उन्हाळ्यात खेळाडूंची खरेदी पाहणारे मुख्याधिकारी डेव्हिड गिल हेही गेले होते, हे दोष मोयेस यांच्या माथी मारताना बहुतेक विसरले जाते. उलट लिव्हरपूलने युर्गन क्लॉप यांच्या जाण्याची घोषणा जानेवारी २०२४मध्येच केली. मायकेल एडवर्ड्स आणि रिचर्ड ह्यूज या जोडीने शांतपणे आर्ने स्लॉट यांना शोधले आणि जवळपास त्याच खेळाडूंवर स्लॉट यांनी पहिल्याच हंगामात लीग जिंकली.

मुंबई सिटीवर दुसरी वेळ आली नोव्हेंबर २०२३मध्ये. बकिंगहॅम यांना त्यांच्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडचे बोलावणे आले आणि ते भर हंगामात गेले. पुढच्या मे महिन्यात त्यांनी त्या क्लबला वरच्या श्रेणीत चढवलेही. मुंबईची अवस्था त्या वेळी बरी नव्हती. चॅम्पियन्स लीगमध्ये पुण्याला आणि नव्या मुंबईत घरचे सामने खेळूनही सहाच्या सहा सामने हरण्याकडे संघाची वाटचाल चालली होती. डिसेंबरात चेक प्रजासत्ताकाचे पीटर क्रॅटकी आले, तेही मेलबर्न सिटीतले सहायक. शाखा तीच, पद तेच. जानेवारीत स्टुअर्ट आणि रॉस्टिन ग्रिफिथ्स निघून गेले तरी संघ पुन्हा उभा राहिला.

त्या हंगामाचा शेवट पाहण्यासारखा झाला. १५ एप्रिल २०२४ला कोलकात्यात साखळीचा अखेरचा सामना बरोबरीत सुटला असता तरी शील्ड मुंबईची होती. बागानने २-१ने जिंकून ४८ विरुद्ध ४७ अशा गुणांनी ती हिसकावली. उपांत्य फेरीत गोव्याविरुद्ध फातोर्ड्याला मुंबई नव्वदाव्या मिनिटापर्यंत दोन गोलांनी मागे होती, तिथून तिने ३-२ असा सामना फिरवला, मग अंधेरीत २-०ने काम पुरे केले. ४ मे रोजी कोलकात्याच्या त्याच मैदानावर पुन्हा बागान समोर. मध्यंतराच्या तोंडावर जेसन कमिन्सने बागानला पुढे नेले, पण दियाझने बरोबरी साधली, बिपीन सिंगने आघाडी घेतली आणि शेवटच्या क्षणी याकुब वोइतुसने ३-१ केले. तीन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात निर्णायक गोल करणारा बिपीनच होता. मधल्या काळात दोन प्रशिक्षक बदलले, डाव्या बगलेवरचा हा मणिपूरचा खेळाडू बदलला नव्हता.

२०२४च्या उन्हाळ्यात मात्र पाया हलला. भेके, नोगेरा आणि दियाझ बंगळूरुला, तर मधल्या फळीतला अपुइया बागानकडे गेला. प्रशिक्षक क्रॅटकीच होते, पद्धतही तीच होती, तरी संघ सहाव्या क्रमांकावर आला आणि २९ मार्च २०२५ला बाद फेरीत बंगळूरुने त्यांना ५-०ने उडवले. वारसाची निवड चुकली म्हणून हे झाले असे म्हणता येत नाही, कारण या वेळी वारस नेमलाच नव्हता. मुंबई सिटीच्या यशाचे श्रेय एकेका प्रशिक्षकाला देणाऱ्यांनी हा हंगाम जरूर तपासावा.

डिसेंबर २०२५मध्ये लीगच्या भवितव्याची अनिश्चितता टोकाला गेली असताना सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला आणि क्लब मूळ मालकांकडे परतला. यापुढे अंधेरीत प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली, तर मेलबर्नला फोन लावण्याची सोय नाही. नाव शोधण्याचे, त्याच्या मापाचे खेळाडू आणण्याचे आणि पहिला वाईट हंगाम सोसण्याचे काम क्लबला स्वतःच करावे लागेल.