मडक्याची खूण

साबणाची वडी विकत घेताना आपण किंमत पाहतो, वजन पाहतो, फार तर सुवास कोणता आहे ते पाहतो. त्याच वेष्टनावर मातीच्या मडक्याचे लहानसे चित्र छापलेले असेल, तर आपला हात त्या वडीकडे अधिक सहजपणे वळेल काय? प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

पर्यावरणाला कमी हानी पोहोचवणाऱ्या वस्तूंना विशेष चिन्ह देण्याची प्रथा तत्कालीन पश्चिम जर्मनीत १९७८ साली ‘ब्लू एंजल’ या योजनेने सुरू झाली. भारत सरकारने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना आणली आणि तिचे बोधचिन्ह म्हणून मडके निवडले. मडके मातीतून घडते, ते घडवताना ऊर्जा थोडी लागते आणि फुटल्यावर ते घातक कचरा मागे ठेवत नाही. इतके समर्पक चिन्ह क्वचितच सापडेल. तरीही तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसेल, आणि यात दोष तुमचा नाही. योजना ऐच्छिक होती. उत्पादकाला गुणवत्तेचे मानक आणि पर्यावरणाचे निकष अशा दोन्ही कसोट्यांवर उतरावे लागे. ग्राहक मागत नाही म्हणून उत्पादक अर्ज करीत नसे. आणि चिन्ह दिसतच नाही म्हणून ग्राहक ते मागत नसे.

मग आपले ग्राहक चिन्हे वाचतच नाहीत, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेली आजीही अचूक शोधते, कारण तो तिच्या आचाराशी निगडित असतो. २००६ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने विजेच्या उपकरणांवर तारांकित पट्टी आणली. प्रारंभी ऐच्छिक असलेली ही पट्टी २०१० पासून वातानुकूलन यंत्रांसारख्या काही उपकरणांना सक्तीची झाली. आज शीतकपाट घेताना ‘किती स्टारचे?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. तो विचारणाऱ्याच्या मनात हवेतील कर्बवायू असतो की महिन्याचे वीजबिल, हे वेगळे सांगायला नको! पण वीज वाचते, आणि कोळसाही तेवढा कमी जळतो. मात्र ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात. म्हणून पट्टीवरील वर्ष आणि वार्षिक वीजवापराचा आकडाही वाचावा लागतो.

मडक्याच्या वाट्याला असा घरगुती लाभ आला नाही. नदीत कमी फेस सोडणाऱ्या साबणाचा फायदा नदीकाठच्या गावाला होतो, पैसे मात्र दूरच्या शहरातील ग्राहक मोजतो. बाजारात जाण्यापूर्वी आपण सारेच पर्यावरणप्रेमी असतो. दुकानात दोन वस्तूंच्या किमतींत दहा रुपयांचे अंतर दिसले की ते प्रेम डळमळते. प्रस्तुत लेखकही याला अपवाद नाही.

त्यातच खऱ्या चिन्हाशेजारी खोटी चिन्हे उभी राहतात. हिरवे पान आणि ‘निसर्गस्नेही’ हा शब्द वेष्टनावर छापायला शाई तेवढी पुरते. अशा दाव्यांना पुरावा असलाच पाहिजे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जारी केली. त्याच वर्षी इकोमार्कचे नवे नियमही अधिसूचित झाले आणि १९९१ ची जुनी योजना मागे पडली. नव्या नियमांखालीही चिन्हासाठी अर्ज करायचा की नाही, हे उत्पादकानेच ठरवायचे आहे.