आमच्या गल्लीची वही

मुंबईला ऋतू नाहीत, नुसता उकाडा आणि पाऊस, असं गावाकडचे लोक म्हणतात. आम्ही परळच्या बायका मात्र दोन वर्षं ऋतूंची वही ठेवतोय.

त्यात काय लिहितो? मे महिन्यात आपलं राज्यफूल ताम्हण कधी फुललं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी चाळीच्या कितव्या पायरीपर्यंत चढलं. हिवाळ्यात शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी कधी दिसले. गल्लीतले बदलही टिपतो. 1982 च्या संपानंतर इथल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तिथे टॉवर उठले. आता गच्चीवर ऊन उशिरा येतं, कुरडया वाळायला एक दिवस जास्त लागतो.

यंदा वही कामी आली. नाक्यावरच्या देशी बदामावर ‘वाळलेलं झाड तोडणार’ अशी नोटीस लागली. हा बदाम थंडीत लाल होतो, पानं गाळतो आणि पुन्हा पालवतो. पानगळ म्हणजे मरण नव्हे! शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आपल्याला हरकत घेता येते. आम्ही दोन वर्षांच्या तारखा जोडून अर्ज दिला. झाड अजून उभं आहे, खाली भाजीवाल्या मावशीही.

तुम्हीही एक झाड, एक पायरी, एक उन्हाचा तुकडा निवडा. तारीख घाला, दोन ओळी लिहा. आठवणीवर वाद होतो, तारखेवर सहसा होत नाही.