जुनी कन्व्हर्टिबल घेताना: मैल मोजावेत की वर्षं?

ब्रिटनमध्ये दोन दिवस सलग ऊन पडलं की उघड्या छताच्या गाडीचा मोह होतो. मलाही झाला. बाबांना फोनवर म्हटलं, "मायलेज ऐंशी हजार आहे." पलीकडे शांतता! आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. इथे मायलेज म्हणजे गाडी आजवर किती मैल पळाली ते.

माझ्यासमोर दोन पर्याय होते. दोन्ही गाड्या दहा वर्षांच्या. एक ३०,००० मैल पळालेली, ११,००० पौंडांना. दुसरी ८०,००० मैलांची, ८,००० पौंडांना. कमी पळालेली चांगली, असंच कुणालाही वाटेल. पण गाडी दोन घड्याळांवर म्हातारी होते.

पहिलं घड्याळ मैलांचं. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन वापरानं झिजतात. दुसरं घड्याळ वर्षांचं. रबराची सीलं आणि नळ्या हवेतल्या ऑक्सिजन-ओझोननं कडक होऊन तडकतात, गाडी उभी असली तरी. कन्व्हर्टिबलमध्ये हे दुसरं घड्याळ महत्त्वाचं, कारण छताची सीलं आणि हायड्रॉलिक नळ्या त्यावरच चालतात. १९९६ साली आलेल्या जॅग्वार एक्सके८ची छताची नळी जुनी झाली की फुटते आणि हिरवं तेल थेट चालकाच्या अंगावर येतं, हे त्या गाडीच्या शौकिनांना चांगलंच ठाऊक आहे.

कमी मैलांचा आणखी एक तोटा आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं वाफ होऊन बाहेर जातं, पण थोडी वाफ इंजिनातल्या तेलात शिरते. लांब प्रवासात तेल तापून ती उडून जाते. रोज दोन मैलांवरच्या दुकानापर्यंतच गेलेल्या गाडीत मात्र ती साचते आणि तेल खराब करते.

आता हिशेब. पुढच्या तीन वर्षांसाठी शक्यता गुणिले खर्च, असं मांडू. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

छत (२,००० पौंड): दोन्हींत शक्यता २५%, म्हणजे प्रत्येकी ५००.
गिअरबॉक्स (३,००० पौंड): ५% आणि २०%, म्हणजे १५० आणि ६००.
सस्पेन्शन (१,००० पौंड): २०% आणि ६०%, म्हणजे २०० आणि ६००.

बेरीज ८५० आणि १,७००. जास्त पळालेल्या गाडीचा अपेक्षित खर्च ८५० पौंडांनी अधिक. किमतीतला फरक ३,००० पौंडांचा. विकताना त्यातले १,५०० परत मिळतील असं धरलं, तरी जास्त पळालेली गाडी ६५० पौंडांनी स्वस्त पडते.

पण अपेक्षित खर्च ही सरासरी असते. प्रत्यक्षात गिअरबॉक्स गेला तर बिल ६००चं नाही, ३,०००चं येतं. म्हणून वाचलेले ३,००० पौंड बाजूला ठेवता येत नसतील, तर ही गाडी आपली नाही.

घेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा इतिहास पाहा. तो फुकट आहे. दरवर्षीचे मैल आणि परीक्षकाचे शेरे तिथे दिसतात. मात्र एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची स्थिती तपासत नाहीत. त्यासाठी सर्व्हिसची बिलं मागा. छत दोनदा उघडून मिटवा आणि गालिच्याखाली हात घालून ओल आहे का पाहा.

हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, "ते ठीक आहे. पण तिकडे ऊन पडतं किती दिवस?" ती शक्यता हिशेबात धरायची राहूनच गेली होती.